गोजाबाईचं तोंडी लावणं

"मंगळवार, ता. ६ मार्च १९३४. ऊन कडक. सकाळी आठ वाजता गोजाला घेऊन दवाखान्यात. वाटेत टांग्याच्या घोड्याचा नाल निघाला, अर्धा तास गेला. लघवीची परीक्षा झाली. नळीतला रंग विटकरी लाल, म्हणजे साखर भरपूर, गेल्या खेपेसारखीच. डाव्या पायाची करंगळी काळी पडली आहे. डॉक्टर म्हणाले, पुढच्या गुरुवारी, ता. १५ला आणा. तेव्हाही हाच रंग आला तर घोट्याच्या वर पाय कापावा लागेल. भाजीवाल्या अजीजाने दारात दोडकी दिली. गोजा पथ्य नीट पाळते आहे."

हे शेवटचं वाक्य लिहून मथुराबाईंनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. शाईचा एक थेंब पुन्हा दौतीत पडला.

त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. वडील रेल्वेत होते. त्यांनी चार लोकांचे टोमणे सोसून मुलीला पुण्याच्या कँपातल्या कॉन्व्हेंटात घातलं होतं. तिथल्या मदरने मुलींना रोज संध्याकाळी वहीत दिवसाची नोंद करायला लावली होती. मदरचा नियम एकच होता. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. वाटलं ते, ऐकलं ते आणि असेल असं धरून चाललेलं लिहायचं नाही. लग्न झालं, नवरा स्टेशनमास्तर म्हणून होटगीला आला, मूल झालं नाही, नवराही गेला. या सगळ्या वर्षांत नोंद एकाही दिवशी चुकली नव्हती. वह्यांनी एक ट्रंक भरली होती आणि दुसरी भरत आली होती.

त्यांनी पानं मागे उलटली. २२ फेब्रुवारी, संध्याकाळी गोजाने वाफवलेली मेथी खाल्ली. २३, वाफवलेली मेथी. २४, वाफवलेली मेथी. २५, वाफवलेला पालक. २६, वाफवलेली मेथी. अशा बारा दिवसांच्या बारा नोंदी सुबक, तिरप्या अक्षरात होत्या, आणि त्यांतली एकही त्यांनी पाहिलेली नव्हती.

पाहणार तरी कशी? गोजा घरी कामाला राहिल्यापासून, तीस वर्षांत त्यांनी तिला जेवताना पाहिलंच नव्हतं. बाईंचं जेवण झालं, ताट उचललं, चूल सारवली की गोजा स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून बसायची आणि जेवायची. कोणी आत गेलं तर घास तोंडातच ठेवून थांबायची. सोवळंओवळं त्या घरात नव्हतं, ते मथुराबाईंच्या वडिलांच्या वेळीच सुटलं होतं. हा गोजाचा स्वतःचा रिवाज होता. पहिल्या काही दिवसांत मथुराबाईंनी तो मोडायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

चारचा भोंगा झाला. गिरणीची पाळी सुटली. शेजारच्या पद्मसाळ्यांच्या घरात माग खटखटत होता. तो दिवसभर खटखटायचा, त्यामुळे बंद पडला तरच कळायचं. मथुराबाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. गुडघे दुखत होते. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं, गोजाच्याही नव्हतं. दोघींना भूक लागली आहे हे सांगण्याइतकाही उत्साह उरला नव्हता.

स्वयंपाकघर म्हणजे माजघराच्या मागची अंधारी खोली. गोजा पोत्यावर बसली होती, आजारी पाय पुढे सरळ टाकलेला, त्यावर पांढरी पट्टी. पुढ्यात जर्मनची ताटली. बाई दारात आल्या तशी तिने पदराने ताटली झाकली.

"काय लागलं का, बाई?"

"काही नको. तू खा."

"तुमी जावा की मग. मी खाते."

"आज मी इथेच बसणार आहे," असं म्हणून मथुराबाई उंबऱ्यावरच टेकल्या. खाली बसणं सोपं होतं, उठताना काय होईल ते पुढचं पुढे. "दाखव काय केलंयस."

"वाफवलंय की. डाक्टर म्हनला तसं."

"दाखव तरी."

गोजाने पदर काढला. ताटलीत मुटके होते. मेथी बारीक चिरून, लसूण-मिरची ठेचून, मुठीत दाबून वळलेले आणि वाफवलेले, प्रत्येकावर चार बोटांचे ठसे. हिरवे, टवटवीत, वर करडईच्या तेलाची धार. घरभर वास सुटला होता.

"खाऊन बघा की," गोजा म्हणाली. "बारा दिस झालं, हेच खाते. कट्टाळा आलाय, पर पथ्य म्हंजे पथ्य."

मथुराबाईंनी एक मुटका उचलला, अर्धा मोडला. आतून तो पांढुरका होता.

"गोजा, यात पीठ आहे."

"व्हय."

"कसलं?"

"जोंधळ्याचं. दुसरं कसलं असतंय?" गोजाला प्रश्नच कळला नाही. "पिठाबिगर वाफवायचं कसं? नुसता पालाच ऱ्हातो की. ते वाफवनं न्हवं, ते चारा उकडनं झालं."

"डॉक्टरांनी भाकरी बंद सांगितली होती."

"मग मी कुटं खाल्ली? ह्या पोटाला विचारा. बारा दिसांत भाकरीचा तुकडा न्हाय. रात्री झोपेत सुदिक भाकरी दिसती, तरी उठून खाल्ली न्हाय." तिचा आवाज चढला नाही, नुसता थकला. "कोन म्हनलं तुमाला मी खाते म्हनून? अजीजा म्हनली व्हय?"

"कोणी म्हटलं नाही."

मथुराबाईंनी मोडलेला मुटका ताटलीच्या कडेला ठेवला. आता त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं. बावीस फेब्रुवारीला डॉक्टरांनी टेबलापलीकडून जे सांगितलं ते इंग्रजीत सांगितलं होतं, कारण म्हाताऱ्या बाईंना इंग्रजी येतं याचं त्यांना कौतुक वाटलं होतं, आणि खरं म्हणजे बाईंनाही वाटलं होतं. पीठ, तांदूळ, साखर, गूळ, बटाटा, रताळं वर्ज्य. हिरव्या भाज्या वाफेवर शिजवून पोटभर. घरी येऊन त्यांनी वहीत ते सगळं ओळीने उतरवून घेतलं होतं. गोजा तेव्हा बाहेर बाकावर बसलेली होती. तिला त्यांनी टांग्यात सांगितलं, तेही एका वाक्यात: भाकरी बंद, भात बंद, गोड बंद, भाजी वाफवून खायची.

पीठ हा शब्द त्यांनी उच्चारलाच नव्हता. भाकरी म्हटलं की त्यात पीठ आलं, असं त्या धरून चालल्या होत्या. आणि सांगोल्याकडच्या गोजाला भाजी वाफवायची म्हणजे मुटके करायचे, हे आईच्या दुधाबरोबर ठाऊक झालेलं होतं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पीठही चालत नाही. भाकरीत जे आहे तेच यात आहे."

गोजाने मोडलेला मुटका बोटाने उलटून पाहिला. मग म्हणाली, "बारा दिस फुकट गेलं म्हना की."

"हो."

"आन् मला वाटलं, माजंच नशीब वंगाळ." तिने ताटली पुढे सरकवली. "हे आता शेळीला घाला. पर शेळी बी कुटं हाय हितं."

त्या संध्याकाळी मथुराबाईंनी वहीतलं "गोजा पथ्य नीट पाळते आहे" हे वाक्य खोडलं नाही. खोडणं मदरला चालत नसे. त्यापुढे आणि मागच्या बाराही नोंदींपुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: पाहिलं नव्हतं.

*

गोजाबाई सांगोल्याजवळच्या एका वाडीतली. मेंढरांमागे जन्मली, मेंढरांमागे वाढली. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा बिरदेव मेंढरं घेऊन कर्नाटकात चरायला गेला आणि प्लेगात तिकडेच राहिला. मेंढरं परत आली, नवरा आला नाही, असं ती सांगे, आणि सांगताना तिला मेंढरं किती आली तेही आठवे. पुढे दुष्काळात ती पायी होटगीला आली, रुळाखालची खडी फोडायला. तिथे स्टेशनमास्तरांच्या घरी पाणी भरायला बाई हवी होती.

पाणी भरता भरता एक दिवस तिने भाकरी केली. मथुराबाईंना भाकरी येत नसे. त्यांच्या हातची भाकरी कडेला चिरायची आणि मधे जाड राहायची. मास्तर ती मुकाट्याने खात. गोजाने परातीत पीठ मळलं, तळहातावर गोळा फिरवला आणि थापायला लागली. त्या थापण्याला एक ठेका होता. भाकरी परातीएवढी झाली, कागदासारखी, तव्यावर टम्म फुगली. त्या दिवसापासून पाणी भरायला दुसरी बाई आली.

होटगी जंक्शन. रात्रीअपरात्री गाड्या थांबत, आणि गार्ड, फायरमन, तारबाबू कोण कुठे उपाशी अडकेल याचा नेम नसे. मास्तरांच्या घरची भाकरी सगळ्यांना माहीत झाली होती. वाडी जंक्शनकडे जाणाऱ्या गाडीचा एक म्हातारा ड्रायव्हर इंजिनाची शिट्टी दोनदा वाजवायचा. त्याचा अर्थ दोन भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. गोजा फडक्यात बांधून फलाटावर जाऊन द्यायची. तिला नाव विचारलं तर ती भाकरीवाली म्हणून सांगे. यात तिला कमीपणा वाटत नसे. तीच तिची ओळख होती.

मास्तर गेल्यावर दोघी सोलापूरला आल्या, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. कामाला म्हणावं तर काम उरलं नव्हतं. तरी रोज सकाळी थापण्याचा आवाज यायचा, आणि मथुराबाई तो ऐकून अंथरुणातून उठायच्या.

मग न्हाणीत मुंग्या दिसू लागल्या. गोजा मोरीवर जाऊन आली की मुंग्यांची रांग लागायची. ती पाण्याच्या तांब्याने मुंग्या वाहवून द्यायची आणि कोणाला सांगायची नाही. तहान वाढली. एके दिवशी चुलीतून उडालेला निखारा पायाखाली आला आणि तिला कळलाच नाही. करपल्याचा वास आला म्हणून तिने आधी तव्याकडे पाहिलं.

*

बुधवारी सकाळी मथुराबाई स्वयंपाकघरात शिरल्या. गोजा जुन्या खाटेवर पडून दारातून त्यांच्याकडे बघत होती.

"तुमच्यानं व्हायचं न्हाय," ती म्हणाली.

"झालं तर बघू."

मथुराबाईंनी पितळी पातेल्यात दोन पेले पाणी घातलं. गोजा मुटके वाफवायला तुरीच्या काड्या आडव्याउभ्या रचून त्यावर पान ठेवायची. ते त्यांना जमेना, काड्या पाण्यात पडल्या. शेवटी त्यांनी पिठाची जुनी पत्र्याची चाळणी घासून घेतली आणि ती पातेल्याच्या तोंडावर बसवली. ती बरोबर बसली. दोडक्याच्या शिरा काढल्या, चकत्या केल्या, चाळणीत पसरल्या, वर झाकण ठेवलं. मास्तरांचं रेल्वेचं घड्याळ समोर ठेवलं आणि त्या पाटावर बसून काट्याकडे बघत राहिल्या.

"घड्याळाकडं काय बघताय?" गोजा खाटेवरून म्हणाली. "वास बघा. वासावर कळतंय."

"मला वासावर कळत नाही."

"मग झालं."

पंधरा मिनिटांनी झाकण काढलं तेव्हा दोडक्याचा लगदा झाला होता. गोजाने बोटाने चाचपला आणि ताटली परत सरकवली. दुसऱ्या वेळी गवार केली, ती कच्ची राहिली. तिसऱ्या वेळी, गुरुवारी संध्याकाळी, दोडका आठ मिनिटांत उतरवला. चकत्या हिरव्या राहिल्या होत्या, कडेला किंचित पारदर्शक. पळीत तेल तापवून जिरं आणि ठेचलेला लसूण घातला, हिरवी मिरची मोडून टाकली, ती फोडणी वर ओतली, मीठ घातलं. डॉक्टरांनी शेंगदाण्याचा कूट चमचाभर चालेल असं सांगितलं होतं, तो वर भुरभुरला.

"हं," गोजा म्हणाली. चार चकत्या खाल्ल्यावर थांबली. "लागतंय बरं."

"मग खा."

"खाते की. पर हे तोंडी लावनं हाय, बाई." ती ताटलीकडे बघत होती. "कशाच्या तोंडी लावू?"

मथुराबाईंच्या शाळेत जेवणाच्या टेबलावर भाजीला स्वतंत्र बशी असे. भाजी ही एक वस्तू होती आणि ती नुसती खाल्ली तरी कोणाला वावगं वाटत नसे. इथे मात्र शब्दातच सगळं अडकलं होतं. जे भाकरीच्या जोडीला घ्यायचं ते तोंडी लावणं. भाकरीच नसली तर ते कशाच्या जोडीला बसणार?

रोज संध्याकाळी मथुराबाई विचारायच्या, "जेवलीस?"

"न्हाय," गोजा उत्तर द्यायची. "भाजी खाल्ली."

वहीत त्या तेच लिहायच्या. गोजाने वाफवलेलं पडवळ खाल्लं, पाहिलं. गोजाने वाफवलेली कोबी खाल्ली, पाहिलं. आता त्या उंबऱ्यावर बसून बघायच्या, आणि गोजा पाठ न करता, पण मान खाली घालून खायची. दोघींनाही ते कठीण जात होतं. कोण कोणाला वाढतं आहे हेच मुळी चुकल्यासारखं वाटत होतं. स्वतःसाठी मथुराबाई बेकरीतला पाव चहात बुडवून खात होत्या. तो रात्रीपर्यंत घशात अडकल्यासारखा वाटे. दुपारी त्या पाठ टेकायच्या तेव्हा उठावंसं वाटत नसे. पण पाच वाजता चाळणी घासायची असे, आणि त्या उठत.

रविवारी सकाळी त्यांना थापण्याच्या आवाजाने जाग आली.

त्या पडूनच राहिल्या. ठेका तोच होता, थोडा मंद. मग एकदम लक्षात आलं आणि त्या उठल्या, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेल्या. गोजा परातीसमोर बसली होती, आजारी पाय बाजूला टाकून. तव्यावर एक भाकरी फुगली होती. दुसरी ताटात होती, कडा न चिरलेली, मोठी.

"गोजा."

"तुमच्यासाठी केली," ती म्हणाली, मागे न बघता. "तुमी पाव खाताय. मला बघवंना."

"तू खाल्लीस का?"

"बघा की. दोन गोळं मळलं, दोन भाकऱ्या हायत. मोजा."

मथुराबाईंनी खरंच मोजल्या. नंतर त्यांना त्याची लाज वाटली.

"हात ऱ्हात न्हाईत, बाई," गोजा म्हणाली. तिच्या तळहातांना पीठ लागलेलं होतं, ती ते झटकत नव्हती. "पाय कापा, बोटं कापा, पर सकाळ झाली की हात उठत्यात. मी काय करू?"

मथुराबाईंनी तव्यावरची भाकरीही ताटात घेतली आणि ताट उचललं. भाकरी गरम होती, तिचा वास त्यांच्याही पोटात शिरला. आपण ही भाकरी खाल्ली तर उद्या पुन्हा परात निघेल, परवा पुन्हा, आणि चौथ्या दिवशी या हातांना तोंडापर्यंत जायला किती वेळ लागणार? त्यांनी ताट तसंच हातात धरून दारापर्यंत नेलं. भाजीची टोपली घेऊन अजीजा गल्लीत येत होती. पन्नाशीची, बारीक, आवाज मात्र अख्ख्या गल्लीचा.

"अजीजा, ही घेऊन जा."

"मैं? क्यों बाई?" अजीजाने ताटात बघितलं, मग आतल्या गोजाकडे. तिने टोपली उतरवली. "अगं गोजे, तुझ्या हातची भाकरी मला? मरायला टेकलीस की काय?"

"मरतीय कशाला. तुला खाऊन मरू दे म्हनून दिली."

"दे, दे. गैबीसाबला पन देते अर्धी. म्हनंल, आज सूरज कुटं उगवला." गैबीसाब टांगेवाला तिचा नवरा होता. तिने दोन्ही भाकऱ्या पदरात बांधल्या, मग टोपलीत हात घालून एक लांब, कोवळं पडवळ काढलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. "हे घे. खा पाला. आमचा बी रोजा सरतो, तुझा बी सरंल."

"रोज्याला संध्याकाळी खाया मिळतंय," गोजा म्हणाली.

"ते बी खरंच."

अजीजा गेल्यावर मथुराबाईंनी पिठाचा डबा उचलून फळीवर सगळ्यात वर ठेवला, स्टूल घेऊन. गोजा बघत होती. पडाल, ती म्हणाली. पडल्या नाहीत.

त्यानंतर चार दिवस घरात थापण्याचा आवाज झाला नाही. मथुराबाईंना सकाळी उशिरा जाग यायची. गोजा दोडक्याच्या शिरा काढून द्यायला लागली, खाटेवर बसूनच, आणि त्या शिरा फेकू देईना. तिने त्यांची तीळ घालून चटणी करायला लावली. वाफेचं तिने घड्याळ बंद केलं. "झाकन काढा आता," ती आतून हाक मारायची, आणि मथुराबाई काढायच्या, आणि भाजी बरोबर झालेली असायची.

*

गुरुवारी दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध ओतलं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी चिमट्यात धरून दिव्यावर तापवली. मथुराबाई पुढे झुकून उभ्या होत्या. गोजा बाकावर होती, या वेळी आत, टेबलाजवळ. मथुराबाईंनीच तिला आत आणवलं होतं. तिने नळीकडे पाहिलं नाही. ती आपल्या पायाकडे बघत होती.

निळं पाणी उकळलं. आधी काहीच झालं नाही. मग ते गढूळ झालं आणि हिरवं झालं, डबक्यावरच्या शेवाळासारखं. डॉक्टरांनी नळी उजेडात धरली, हलवली, पुन्हा तापवली. ते हिरवंच राहिलं.

डॉक्टर मथुराबाईंशी इंग्रजीत बोलले. त्यांचं म्हणणं असं की, गेल्या खेपेला रोगी चोरून खात असला पाहिजे. अशी माणसं खोटं बोलतात, त्याला इलाज नाही.

"ती चोरून खात नव्हती," मथुराबाई मराठीत म्हणाल्या, गोजाला ऐकू जाईल अशा आवाजात. "तुम्ही पीठ बंद सांगितलं होतं. मी तिला भाकरी बंद सांगितली. तिने भाकरी खाल्ली नाही. चूक मी केली."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग तेही मराठीत बोलायला लागले. पट्टी सोडून त्यांनी पाय दाबून पाहिला, घोट्यापासून खाली, एकेका ठिकाणी. काळेपणा करंगळीच्या वर चढला नव्हता.

"करंगळी जाईल," ते गोजाला म्हणाले. "शनिवारी काढू. पाय राहील. पण हे पथ्य जन्मभर. कळलं का?"

"जन्म काय, आता थोडाच हाय," गोजा म्हणाली. "कापा. करंगळीचं काय काम असतंय? मेंढरामागं तर आता जायचं न्हाय."

"आणि पीठ नाही. कसलंच नाही. मुटके नाहीत, धपाटी नाहीत, थालीपीठ नाही." हे त्यांना बाहेर टांग्याजवळ उभ्या गैबीसाबने सांगितलं असावं, किंवा त्यांची आईही तिकडचीच असेल.

"कळलं, साहेब. नुसता पाला."

परतताना गैबीसाबने टांगा हळू चालवला. रस्त्यावर धूळ होती आणि ऊन डोळ्यांत जात होतं. मथुराबाईंना हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटत नव्हतं. खांदे दुखत होते, आणि घरी गेल्यावर चाळणी घासायची आहे एवढंच डोक्यात होतं. गोजाचा हात मधल्या लाकडी दांड्यावर होता. एका खड्ड्यात टांगा उसळला तेव्हा तिने बाईंचं मनगट धरलं आणि मग धरूनच ठेवलं.

संध्याकाळी दोडका वाफवला. गोजाने भिंतीला टेकून, तोंड दाराकडे करून खाल्ला. जिरं जास्त झालं म्हणाली. मथुराबाईंनीही पाव बाजूला ठेवून तोच ताटात घेतला आणि उंबऱ्यावर बसून खाल्ला. ताटं विसळत होत्या तेव्हा बाहेर अजीजाचा आवाज आला. ती घरी जाताना थांबली होती.

"गोजे, पायाचं काय झालं?"

"ऱ्हायला. करंगळी देऊन टाकली त्यांना."

"चला. अल्लाने राखला. जेवलीस का?"

"व्हय, जेवले," गोजा म्हणाली. "आताच. तू?"

मथुराबाईंचा हात पाण्यात तसाच थांबला. मग त्यांनी ताट पालथं घातलं, फळीवरचा पिठाचा डबा उतरवून त्याचं काम उरकलं, हात पुसले, माजघरात येऊन दिव्याची वात वर केली आणि वही उघडली.

"गुरुवार, ता. १५ मार्च १९३४. ऊन. दवाखान्यात रंग हिरवा. शनिवारी करंगळी काढणार, पाय राहतो. संध्याकाळी दोघींना वाफवलेला दोडका. ज्वारीच्या पिठाचा डबा वरून काढून पाहिला, पिठाला जाळी धरली होती. पीठ टाकून दिलं, डबा धुऊन पालथा घातला."